महेश्वरी स्टोल गळ्यात नीट बसत नाही: स्कार्फ दागिन्यासारखा कसा वापरावा?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. गेली बावीस वर्षे मी साडी नेसून नोकरी केली. यंदा बदली झाली आणि नव्या कचेरीत कुर्ता-पँट घालू लागले, तेव्हा ध्यानात आले की पदरामुळे खांदा आणि गळा आपोआप भरलेला दिसायचा आणि आता तिथे काहीतरी उणे वाटते. ओढणी घ्यावी तर ती दिवसभर सावरत बसावी लागते, म्हणून स्कार्फकडे वळले.

आपल्या इंदुरात स्कार्फ काही नवा नाही. दुचाकीवर निघालेली प्रत्येक मुलगी डोळे तेवढे उघडे ठेवून सारा चेहरा बांधून घेते आणि मुक्कामी पोहोचली की तो स्कार्फ गोळा करून डिक्कीत कोंबते. तो ऊन आणि धूळ यांच्यासाठी असतो. मला विचारायचे आहे ते पोहोचल्यावर घालायच्या स्कार्फविषयी.

मी हौसेने दोन महेश्वरी स्टोल घेतले, एक जांभळा आणि एक मोतिया, दोन्ही जरीकाठाचे. हातात धरले की सुरेख दिसतात. गळ्यात गाठ मारली की तिथे बोचके तयार होते, काठ कानाशी ताठ उभा राहतो, जरीचा धागा मानेला टोचतो आणि तासाभरात एक टोक दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब झालेले असते. पहिल्याच दिवशी सासूबाईंनी विचारले, "गळ्यात पंचा टाकून निघालीस ती ऑफिसला की अंघोळीला?" चूक कापडाची आहे की माझ्या बांधण्याची, हे कोणी जाणकार सांगतील का?

नर्मदाकाठ (इंदूर)

माझे माहेर महेश्वरचे, त्यामुळे आधी कापडाची बाजू मांडते. महेश्वरीचा ताणा (उभा धागा) साधारणपणे रेशमी आणि बाणा (आडवा धागा) सुती असतो. रेशमामुळे चमक येते आणि सुतामुळे अंग येते. हे अंगच तुमच्या गळ्याशी उभे राहते आहे. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला राजधानी केली आणि बाहेरून विणकर आणून तिथे वसवले, तेव्हापासून हे विणकाम साडीसाठी आणि पागोट्यासाठी घडत आले आहे. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरची लहर, चटई, वीट आणि हिऱ्याची नक्षी काठांत उतरली ती साडी उलगडून नेसली जाणार हे धरून. साडीचा काठ जमिनीशी आणि खांद्याशी सरळ पडावा लागतो. त्याला वळवून, मुडपून गाठीत घालणे हा त्याचा उपयोगच नव्हे.

त्यामुळे महेश्वरी स्टोलला गाठ मारू नका. तो लांबीत दोनदा दुमडून, काठ वर येईल असा एका खांद्यावर सोडा, किंवा दोन्ही टोके पुढे घेऊन तशीच मोकळी राहू द्या. पारंपरिक महेश्वरी काठाची एक सोय अशी की तो दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, म्हणून वाऱ्याने टोक उलटले तरी उलटी बाजू उघडी पडली असे होत नाही. छापील रेशमी स्कार्फची मागची बाजू बहुधा फिकी असते, तिथे हे सुख नाही.

रामबागकर

नर्मदाकाठ, आपले म्हणणे पटले, पण मी दिवसभर वाकून फायली काढते. मोकळी टोके टेबलावरच्या शाईच्या पॅडमध्ये जातात, हा अनुभव घेऊन झाला आहे. मला गाठ हवीच आहे.

उरेब (इंदूर)

मी सुदामा नगरला तीस वर्षांपासून शिवणकाम करते, तेव्हा थोडे सविस्तर लिहिते, कंटाळा आल्यास क्षमस्व.

गाठीचा सगळा खेळ उरेबाचा आहे, म्हणून तर मी हे नाव घेतले. कापड उभ्या किंवा आडव्या धाग्याने ओढले तर ते ताणत नाही. तिरपे ओढले की ताणते, झुकते, वळते. ब्लाऊजच्या गळ्याला लावायची पट्टी आपण तिरपी कापतो ती याचसाठी. स्टोल हा लांबट आयत असतो, तो गळ्याभोवती सरळ धाग्यातच गुंडाळला जातो आणि म्हणून अडून राहतो. चौरस रुमाल कोनाकोनात दुमडून त्याची पट्टी केली की गळ्याभोवती येते ती उरेबातली बाजू, आणि ती मानेच्या वळणाप्रमाणे निमूटपणे बसते. गाठ लहान होते, टोके आपोआप टोकदार पडतात. तुम्हाला जे हवे आहे ते स्टोलने होणार नाही, चौरसाने होईल.

मापाचे म्हणाल तर पन्नास-पंचावन्न सेंटिमीटरचा चौरस फक्त गळ्यालगत बांधता येतो. सत्तर सेंटिमीटरला एक वेढा आणि छोटी गाठ होते. नव्वद सेंटिमीटरमध्ये जवळजवळ सगळे प्रकार जमतात, आणि एर्मेस या फ्रेंच पेढीने 1937 मध्ये आपला पहिला रेशमी चौरस काढला तेव्हापासून त्यांचे मुख्य माप नव्वद बाय नव्वद हेच आहे. ते कापड ट्विल विणीचे असते, म्हणजे विणीतच तिरप्या रेघा असतात, त्यामुळे ते अंगाने भरीव असूनही लवचीक राहते. ती किंमत आपल्याला झेपणारी नाही, पण वीण ओळखून घ्यायला पैसे पडत नाहीत.

आता कडेविषयी, कारण मला विचाराल तर स्कार्फचा दर्जा छापावरून ठरत नाही, कडेवरून ठरतो. मशीनने इंटरलॉक केलेली कड चपटी आणि कडक होते, गळ्यात ती तारेसारखी उभी राहते. हाताने गुंडाळलेली कड गोल आणि मऊ असते: ओल्या बोटाने कापडाची कड अंगठ्याखाली वळवायची, बारीक सुईने आतला एक धागा आणि वळीतला थोडा भाग उचलत चार-पाच मिलिमीटरवर टाका घालायचा आणि दर काही टाक्यांनी दोरा हलका ओढून घ्यायचा. नव्वदच्या एका चौरसाला तीन मीटर साठ सेंटिमीटर कड असते, म्हणजे सातशे ते नऊशे टाके होतात. माझे दोन दिवस जातात. त्याचे पैसे सांगितले की गिऱ्हाईक म्हणते, "एका रुमालाचे?"

कापड कोणते घ्यावे? सॅटिन घसरते, त्याची गाठ टिकत नाही. जॉर्जेट आणि क्रेप यांच्या धाग्याला जास्त पीळ असतो, त्यामुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत राहतो आणि गाठ जागेवर बसते. आमच्या इंदूरच्या उन्हाळ्यात मात्र मलमल सगळ्यांत चांगले.

बडोद्याची लेक (वडोदरा)

उरेबताईंचे लिखाण वाचून मी कपाटातले सगळे स्कार्फ काढून त्यांच्या कडा तपासल्या. निम्म्याहून अधिक मशीनच्या निघाल्या, असो.

आमच्याकडे बांधणीचे चौरस सहज मिळतात. इंग्रजीतला 'बंडाना' हा शब्द आपल्या बांधण्यावरूनच गेला आहे, तेव्हा गळ्यात बांधायला बांधणी घेणे म्हणजे लेकीने माहेरी येण्यासारखे आहे. घेताना एक पाहावे: अस्सल बांधणी दुकानदार पुष्कळदा दोरे न सोडता, गाठी तशाच ठेवून विकतो आणि तुमच्यासमोर ओढून उलगडतो, कारण छापून केलेल्या नकलेला गाठी नसतात. उलगडल्यावर कापडावर जे बारीक फुगवटे राहतात ते इस्त्री दाबून सपाट करू नका. त्या फुगवट्यांनीच गाठ घसरत नाही आणि गळ्याशी ते दाणेदार दिसतात.

साडीतून अन्य वेशाकडे जाण्याबद्दल रामबागकरांना संकोच वाटत असावा असे त्यांच्या लिहिण्यावरून जाणवले. आमच्या बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजे, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी झाल्या आणि त्यांनी फ्रान्सच्या शिफॉनच्या साड्या मागवून नेसायला सुरुवात केली, तेव्हा जरीच्या जड लुगड्यांना सरावलेल्या किती जणींनी नाके मुरडली असतील! पुढे तीच खानदानी फॅशन झाली. पंच्याचे फारसे मनावर घेऊ नये.

लष्करकर (ग्वाल्हेर)

महिलांच्या चर्चेत एका निवृत्त गृहस्थाने तोंड घालावे की नाही, या विचारात दोन दिवस गेले. पण गळ्यातले वस्त्र आम्ही पुरुषांनीही कमी वापरलेले नाही. उपरणे, शेला, मफलर हे सगळे आमचेच. युरोपातला टायसुद्धा सतराव्या शतकात फ्रान्समध्ये आलेल्या क्रोएशियन भाडोत्री सैनिकांच्या गळ्यातल्या रुमालापासून निघाला आणि 'क्रव्हाट' हे नाव त्यांच्यावरूनच पडले.

ग्वाल्हेर संस्थानच्या मुलखातली म्हणून चंदेरीविषयी एक सावधगिरीची सूचना. चंदेरी रेशमाचा डिंक पूर्णपणे काढलेला नसतो, त्यामुळेच ती झिरझिरीत असून ताठ असते आणि तिच्यात तो काचेसारखा पारदर्शकपणा दिसतो. आमच्या सौभाग्यवतींनी चंदेरीचा स्टोल रोज एकाच जागी पिळून गाठ मारून वापरला आणि दोन हिवाळ्यांत तो बरोबर गाठीच्या ठिकाणी विरला. तिथले धागे सरकून जाळी झाली. चंदेरी खांद्यावर पसरण्यासाठी आहे. ग्वाल्हेरच्या थंडीत गळ्यासाठी लोकरच हवी, पण ते आपल्या विषयाच्या बाहेरचे आहे.

छप्पनची खवय्यी (इंदूर)

रेशीम गळ्यात घालून सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊ नये, एवढेच मी अनुभवाने सांगू शकते. गराडूवरचा (तळलेल्या कंदावरचा) मसाला आणि तेल थेट स्कार्फवर सांडले. लगेच पाण्याने चोळले, हीच चूक झाली, डाग पसरला.

उरेब

छप्पनताई, तेलाच्या डागाला पाणी लावू नये. डागावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड जाड थरात रात्रभर ठेवावी, सकाळी झटकावी आणि गरज पडल्यास पुन्हा ठेवावी. मग रिठ्याच्या कोमट पाण्यात बुचकळून, न पिळता, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढावे आणि सावलीत वाळवावे. मसाल्यात हळद असेल तर मात्र नशिबावर हवाला. आणि अत्तर आधी लावून, ते वाळल्यावर मग स्कार्फ घ्यावा. रेशमावर अत्तराचे डाग कायमचे बसतात.

नर्मदाकाठ

सुती चौरसासाठी बाग छापाचा विचार करावा. धार जिल्ह्यातल्या बाग या गावचे हे काम. कापड हिरड्यात भिजवतात, तुरटीच्या ठशातून लाल आणि लोखंडाच्या गंजातून काळा रंग निघतो, मग अलिझरीन (लाल रंगद्रव्य) आणि धावडीची फुले (आपण जिला धायटी म्हणतो) घालून तांब्याच्या मोठ्या भांड्यात उकळतात आणि वाहत्या पाण्यात धुतात. पांढऱ्या, लाल आणि काळ्या या तीनच रंगांत ते भागते, म्हणून कपाटातल्या बहुतेक कुर्त्यांवर चालते. पहिल्या दोन धुण्यांत ते वेगळे धुवा.

रंगाविषयी माझे मत विचाराल तर कुर्त्याच्या रंगाचाच स्कार्फ शोधत बाजार पालथा घालू नये. सीतलामाता बाजारात मी हा उद्योग वर्षभर केला. स्कार्फ चेहऱ्याशी असतो, कुर्ता त्याच्या खाली असतो. तेव्हा आरशासमोर कापड हनुवटीखाली धरून पाहावे आणि चेहरा ज्याने उजळतो ते घ्यावे. मोतिया रंग मला आजारी करतो. आमच्या वहिनींना तोच शोभतो.

रामबागकर

सर्वांचे मनापासून आभार. उरेबताईंचे वाचून मी एक मलमलचा चौरस घेऊन पाहिला आणि खरोखर गाठ नीट बसली. आता एक नवा प्रश्न पडला आहे आणि तो थोडा नाजूक आहे.

आईची एक जुनी महेश्वरी माझ्याकडे आहे, वांगी रंगाची. घडीवर तीन ठिकाणी विरली आहे, पदराजवळ फाटली आहे. नेसता येणार नाही. बाकीचे अंग मात्र वर्षानुवर्षांच्या धुण्याने इतके मऊ झाले आहे की दुकानातल्या कोणत्याही स्टोलला ती सर नाही. त्यातून चौरस कापावेत का?

जुनी इंदुरी (इंदूर)

कापू नका. आईच्या साडीला कात्री लावल्यावर ती साडी राहत नाही, कापड होते. आज फॅशन म्हणून चौरस कराल, दोन वर्षांनी फॅशन जाईल आणि तुकडे ट्रंकेत पडतील. विरलेल्या जागी मागून मलमल लावून रफू करवा आणि लग्नकार्यात तासाभरासाठी तरी नेसा. मी माझ्या आजीचे लुगडे तसेच जपून ठेवले आहे.

बडोद्याची लेक

जुनी इंदुरी, आपल्या भावनेचा आदर राखूनच लिहिते: आपल्या आज्यांनी स्वतःच्या आईची लुगडी कापून गोधड्या शिवल्या आणि त्या गोधड्यांत आपण वाढलो. कापणे म्हणजे टाकणे नव्हे. ट्रंकेतली साडी मात्र घडीवर विरतच राहते, हेही खरे. न वापरल्याने रेशीम टिकते असे नाही.

जुनी इंदुरी

गोधडी घरात राहते. स्कार्फ बसमध्ये विसरतो.

उरेब

दोघींचेही म्हणणे मला मान्य आहे आणि माझ्याकडे असे काम महिन्यातून एकदा तरी येते, म्हणून कसे करावे तेवढे सांगते. करावे की नाही ते रामबागकरांनी ठरवावे.

आधी साडी उजेडाकडे धरून पूर्ण पाहावी आणि विरलेल्या प्रत्येक जागी खडूची खूण करावी. साडी साडेपाच मीटरची, पन्हा साधारण पंचेचाळीस इंच. दोन्हीकडचे काठ सोडले तर नव्वद सेंटिमीटर कसेबसे निघतात. कागदावर सहा चौरस दिसतात, प्रत्यक्षात विरलेल्या घड्या चुकवून तीन किंवा चार मिळतात. कात्रीने अंदाजाने कापू नये. जिथे कापायचे तिथला एक आडवा धागा सुईने उचलून हळूहळू ओढून काढावा, म्हणजे कापडात सरळ रेघ उमटते आणि तिच्यावरून कापता येते. चौरस तिरका निघाला तर दुमडल्यावर टोकावर टोक येत नाही आणि सगळा उरेबच चुकतो.

काठ फेकू नयेत. कुर्त्याच्या बाहीला लागतात. आणि पदराचे चौरस अजिबात करू नका. फाटका भाग काढून पदराचा स्टोल करा, तो नर्मदाकाठ म्हणाल्या तसा खांद्यावर सोडायचा. तिथे आईची साडी साडीसारखीच दिसेल, कदाचित त्याने जुनी इंदुरी यांचेही थोडे समाधान होईल.

लष्करकर

माझ्याकडून एक सूचना, वयाने मोठा म्हणून. दुचाकीवर जाताना स्टोलचे मागे सोडलेले टोक चाकात अडकते आणि मग गळ्याला फास बसतो. प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन 1927 मध्ये नीस येथे अशीच गेली. तिचा लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात गुंतला. आपल्या रस्त्यांवर ओढण्यांचे असे अपघात होतात हे आपण सगळेच जाणतो. गाडीवर बसताना स्कार्फ पर्समध्ये असावा, आणि चेहरा बांधायचाच तर टोके जॅकेटच्या आत खोचावीत. मागची गाठ हेल्मेटखाली येऊ देऊ नये, हेल्मेट त्यावर नीट बसत नाही.

छप्पनची खवय्यी

गाठ आवडत नसेल त्यांच्यासाठी: माझ्या मुलाच्या बारशातली चांदीची बिंदली मी स्कार्फच्या कड्यासारखी वापरते. चौरसाची पट्टी करून दोन्ही टोके तिच्यातून ओढून घ्यायची. कचेरीत सगळ्या विचारतात कुठून घेतली.

उरेब

कल्पना छान आहे. बिंदलीच्या सांध्यावर एकदा बोट फिरवून पाहा. डाक खरखरीत असेल तर रेशमाचा धागा ओढला जातो. सोनाराकडून घासून घ्यावी.

रामबागकर

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. साडी कापली. कापताना मी स्वयंपाकघरात जाऊन बसले होते, हे कबूल करते.

विरलेल्या जागा चुकवून तीनच चौरस निघाले. एक माझ्याकडे, एक धाकट्या बहिणीला दिला. कडा हाताने गुंडाळल्या आहेत आणि उरेबताई म्हणाल्या तशी त्यांची वळी गळ्याशी मऊ पडते. सुती बाण्यामुळे गाठ अजिबात सरकत नाही, आणि जुन्या कापडाला ताठपणा उरलेला नसल्याने ते बोचकेही होत नाही. म्हणजे पहिल्या दिवशीची माझी तक्रार महेश्वरीविषयी नव्हती, नव्या महेश्वरीविषयी होती. पदराचा स्टोल मी फक्त समारंभाला घेते आणि त्याला गाठ मारत नाही. जांभळा आणि मोतिया हे दोन नवे स्टोल आता टेबलाच्या खणात न ठेवता खांद्यावर सोडते, शाईचे पॅड मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवले आहे.

तिसरा चौरस सासूबाईंनी मागून घेतला. पहाटे नेहरू पार्कात फिरायला जाताना त्या तो कानांवरून बांधतात.

जुनी इंदुरी

बसमध्ये नेऊ नका म्हणावे.